एडीएचडी आणि ‘आत्ता तर लक्षात होतं!’: या चुका टाळा

दहा वर्षांपूर्वीचं भांडण शब्दन्‌शब्द आठवतं, पण कपाट उघडेपर्यंत ते कशासाठी उघडलं हे डोक्यातून गेलेलं असतं. यावर घरच्यांचं वाक्य ठरलेलं: ‘हवं ते बरोबर लक्षात राहतं!’ पहिली चूक इथेच होते. जुन्या आठवणी साठवणं वेगळं, काम करता करता चार गोष्टी डोक्यात धरून ठेवणं वेगळं. ही धरून ठेवणारी यंत्रणा म्हणजे वर्किंग मेमरी. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं किंवा स्वतःला आवरणं सतत अवघड जाण्याची स्थिती, असलेल्या अनेकांची, सगळ्यांची नव्हे, अडचण तिथे असते.

तिच्यात जागा कोणाकडेच फार नसते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ‘एका वेळी सातच्या आसपास गोष्टी’ असा आकडा मांडला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. त्यामुळे किती मावतं याइतकंच आत काय शिरतं हेही महत्त्वाचं. एडवर्ड व्होगेल आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांना ठरावीक रंगाच्या पट्ट्याच लक्षात ठेवायच्या होत्या. ज्यांची क्षमता कमी भरली, ते नको असलेल्या पट्ट्याही साठवत होते. प्रयोग एडीएचडीवरचा नव्हता, पण बाजूच्या गप्पांनी स्वतःचं वाक्य अर्धवट सुटणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

म्हणून ‘ठेवीन लक्षात’ हा भरवसा सोडा आणि लगेच लिहा. इथवर सगळेच सांगतात. खरी फसगत पुढे होते: लिहिलेलं नजरेला पडतच नाही. वहीच्या आतल्या पानावरची नोंद वही मिटली की संपली. न्यायची फाइल दाराच्या कडीलाच अडकवा, भरायचा फॉर्म कीबोर्डवर ठेवा. उलट भिंतभर चिठ्ठ्या लावल्या, तर आठवड्याभरात त्या भिंतीचाच भाग होतात. एका वेळी एकच चिठ्ठी, काम झालं की फाडून टाका.

अलार्मचंही तसंच. तो वाजतो, हात आपोआप बंद करतो आणि मग प्रश्न पडतो, हा कशाचा होता? त्याच्या नावात पहिली कृती लिहा: ‘मीटिंग’ नको, ‘लॅपटॉप उघड, लिंकवर जा’ असं. आणि काम हातात घेतल्याशिवाय तो बंद करू नका. पुढे ढकललात तरी चालेल.

मध्येच उठावं लागलं तर ‘पुढे काय’ एवढी एक ओळ खरडून मगच उठा. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून उठलात तर धागा तुटलाच समजा.

पूर्ण शांतता हा रामबाण उपाय नाही. गोरान सॉडरलुंड आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात व्हाइट नॉइजमुळे (एकसारख्या ‘श्श्श’ आवाजामुळे) एडीएचडी असलेल्या मुलांची स्मरणाची कामगिरी सुधारली, इतर मुलांची मात्र घसरली. तुम्हाला काय चालतं ते करून पाहा. वाचताना शब्द असलेली गाणी मात्र शक्यतो नकोत. तेही शब्दच, त्यांनाही डोक्यात जागा लागते. तसंच ‘आधी हलणं थांबव, मग अभ्यास कर’ हा हट्ट सोडा. डोक्यावर भार वाढला की या मुलांची चुळबुळ वाढते, असं मार्क रॅपोर्ट यांच्या गटाला दिसलं आहे. मूल बसल्या जागी पाय हलवत गणित सोडवत असेल, तर पायाकडे कशाला बघायचं?

एका दमात पाच सूचना देणाऱ्यांनी पाचवी विसरली म्हणून रागावू नये. दोन सांगा, त्या झाल्या की पुढच्या.

मेमरी वाढवणाऱ्या ॲपवर पैसे घालण्याआधी थांबा. मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स हल्म यांनी २०१३ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरावाच्या खेळात आणि त्याच्यासारख्या चाचण्यांत माणसं सुधारतात, पण वाचन, गणित यांसारख्या कौशल्यांत तो फायदा उतरल्याचा पुरावा मिळाला नाही.

आणि हा विसराळूपणा अलीकडेच सुरू झाला असेल, तर एडीएचडीचं लेबल स्वतःच लावून घेऊ नका. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या पुस्तिकेनुसार काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉइड यांनीही असंच होतं. डॉक्टरांकडे जाताना हे केव्हापासून होतंय ते आठवून, अर्थातच लिहून, न्या.