पॅरा खेळाडूला साथ कशी द्यायची, घरातून आणि ट्रॅकवरून

माझी धाकटी बहीण पूर्ण अंध आहे आणि ४०० मीटर पळते. आम्ही परळचे, सकाळी साडेपाचला शिवाजी पार्क, जमेल तेव्हा सिंथेटिक ट्रॅक, असं गेली सात वर्षं चाललंय. बरेच पालक विचारतात की आमच्या मुलालाही खेळात घालायचंय, काय लागतं, आणि मग बूट, डाएट, सर्टिफिकेट एवढंच विचारून निघतात. ते लागतंच, युडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा, डॉक्टरांचे सगळे रिपोर्ट एका फाईलला लावून ठेवा, क्लासिफिकेशनला, म्हणजे खेळाडूचा गट ठरवताना, मागतात. पण आमच्याबरोबर सुरू केलेली जी पोरं खेळ सोडून गेली त्यातल्या बऱ्याच जणांचं आजूबाजूच्या माणसांमुळे फिसकटलं, म्हणून मी माणसांबद्दलच लिहितोय.

आधी धावपटू आणि गाईडच्या हातांना जोडणाऱ्या दोरीचं सांगतो. पूर्ण अंध धावपटूंचा गट म्हणजे टी११, सगळ्यांना डोळ्यांवर पट्टी आणि सोबत पळणारा डोळस गाईड लागतोच, जोडीला मिळून दोन लेन मिळतात. गाईडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि फिनिश लाईन खेळाडूनेच आधी ओलांडायची, गाईड पुढे गेला तर रेस बाद. बोच्चा या चेंडू टाकायच्या पॅरा खेळात तर बीसी३ गटात, जिथे खेळाडू रॅम्पच्या उतारावरून चेंडू सोडतो, तिथे जो रॅम्प धरतो त्याला कोर्टाकडे पाठ करूनच बसावं लागतं, खेळाडू सांगेल तेवढाच रॅम्प हलवायचा, चेंडू कुठे गेला ते वळून बघायचंही नाही. मला हे नियम फार आवडतात, कारण मदत करणारा हजर असतो पण खेळ त्याच्या हातात जात नाही. घरातही एवढं पाळलं तरी पुष्कळ झालं.

तुम्ही कुणाचे गाईड होणार असाल तर पहिला आठवडा पळूच नका, नुसतं चाला. आम्ही बुटाच्या लेसला दोन्हीकडे फास मारून सुरुवात केली, तिचा उजवा हात माझ्या डाव्या हाताला, दोन्ही एकदम पुढे आणि एकदम मागे, लय तिची, मी जुळवून घ्यायचं. तुमचा स्पीड तिच्यापेक्षा बराच जास्त हवा, नाहीतर शेवटच्या शंभरात तुम्हालाच दम लागतो आणि बोलायला श्वास उरत नाही. कुठले शब्द वापरायचे ते तिला ठरवू द्या. मी सुरुवातीला सारखं "सांभाळून, सांभाळून" करायचो. एक दिवस ती थांबली आणि म्हणाली, "दादा, तो शब्द बंद कर. सांभाळून ऐकलं की माझं अंग आखडतं आणि पुढे काय आहे ते कळत तर नाहीच. डावीकडे खड्डा म्हण ना सरळ." तेव्हापासून फक्त "वळण", "सरळ", "दहा पावलं", आणि तेही दोन पावलं आधी.

गाईड एकच ठेवू नका, निदान दोन तयार ठेवा, मला ताप आला की तिची प्रॅक्टिस बुडायची हे चुकीचंच होतं. बिल्डिंगमधल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप करून वार वाटून घेतले, आणि त्यांचा लोकलचा पास आणि चहा-नाष्टा आपण बघायचा, फुकटात किती दिवस येणार कोणी. पॅरिस २०२४ ला सिमरन शर्माने टी१२, म्हणजे थोडंफार दिसणाऱ्यांच्या गटात, २०० मीटरमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा तिचा गाईड अभय सिंगलाही पदक मिळालं, म्हणजे ते काम किती मोठं मानतात बघा. आणि मुलगी लहान असेल तर हात कुठे धरायचा, कुठे नाही हे घरच्यांसमोर आधीच बोलून घ्या, कुणाबरोबरही एकटी लांब पाठवू नका, आणि तिला गाईड बदलायचा असेल तर कारण न विचारता बदला. हे फार महत्त्वाचं आहे, लाजू नका.

आता आईबाबा. आमचे बाबा बेस्टमधून रिटायर्ड कंडक्टर, बहीण एकदा पडली, दोन्ही गुडघे सोलवटले तर पंधरा दिवस तिचं मैदान बंद. समजावून काही झालं नाही. शेवटी तिनेच त्यांच्या हातात स्टॉपवॉच आणि वही दिली, म्हणाली टाईम तुम्ही लिहा. आता वहीत वेबिलसारखे कॉलम आखलेले असतात, तारीख, लॅप, सेकंद, हवा, आणि "पडशील" ऐवजी "दुसरे दोनशे आज स्लो का गेले" असं विचारतात. घाबरणाऱ्या माणसाला उपदेश करू नका, काम द्या.

कोच बघताना एकच गोष्ट बघा, ते कोणाशी बोलतात. एका कॅम्पला एक सर तिच्यादेखत मला विचारत होते, "हिला ब्लॉकवरून स्टार्ट जमतो का?" आणि मीही उत्तर देत बसलो, ती बाजूला उभी. अशा वेळी आपण उत्तर द्यायचं नाही, एवढंच म्हणायचं, सर तिलाच विचारा. मानसी जोशी लहानपणी वडिलांबरोबर बॅडमिंटन खेळायला लागली, २०११ ला अपघातात पाय गेला, पुढे हैदराबादला गोपीचंद अकादमीत ट्रेनिंग घेतलं आणि २०१९ ला बासेलला वर्ल्ड चॅम्पियन झाली. पहिला खेळ घरातून मिळतो पण एक वेळ येते की शिकवणारं माणूस बाहेरचं लागतं, तेव्हा घरच्यांनी मागे सरकावं.

सिनियर पॅरा खेळाडूंशी ओळख तर लवकरात लवकर करून द्या. आर्टिफिशियल पायाच्या आत घाम साचला की काय करायचं, प्रवासात बाथरूमचं कसं जमवायचं, पाळीच्या दिवसांत रेस आली तर काय, हे तीच माणसं नीट सांगतात. मणक्याला इजा असलेल्यांना त्या जागेच्या खाली नीट घाम येत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात पाण्याचा स्प्रे आणि ओला टॉवेल जवळ ठेवायचा, हे मला व्हीलचेअरवाल्या एका दादानेच सांगितलं. त्या गप्पांत तुम्ही बसू नका, चहा आणायला जा.

आणि रेस खराब गेली की त्या दिवशी कोणी काही समजवायचं नाही. लोकलच्या दिव्यांग डब्यात ती खिडकीशी बसते, मी शेजारी, दादर येईपर्यंत तीच बोलली तर बोलायचं. घरी आईने जेवण वाढलेलं असतं, टाईम कोणी विचारत नाही, आणि बाबा वही दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणेल तेव्हाच उघडतात.