ट्विनसेट घेताना आणि वापरताना या चुका टाळा

एका सिलिंडरवर पन्नास-साठ स्कूबा डायव्ह झाले, की अनेकांना पाठीवर जोड सिलिंडर, म्हणजेच ट्विनसेट, हवेसे वाटू लागतात. या इच्छेत गैर काही नाही. एका बाजूचा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबावर आणणारे यंत्र) बिघडून हवा सोडू लागला, तर ती बाजू बंद करून दुसऱ्या बाजूने श्वास घेत शांतपणे वर येता येते, हा ट्विनसेटचा खरा उपयोग आहे. खरेदी करणारे मात्र या उपयोगाकडे पाहतच नाहीत. ते लिटर मोजतात, आणि मी वर्षानुवर्षे पाहत आलेल्या चुकांपैकी बहुतेक तिथूनच सुरू होतात.

पहिलाच संच १२-१२ लिटरचा घेणे

अनुभवी डायव्हरच्या पाठीवर बारा लिटरची जोडी दिसते, म्हणून नवखाही तीच मागतो. २३२ बार दाबाच्या दोन पोलादी सिलिंडरांना मॅनिफोल्ड (दोन्ही सिलिंडर जोडणारी नळी), पट्टे, बॅकप्लेट (पाठीवर बसणारा पत्रा), विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) आणि रेग्युलेटर जोडून हवा भरली, की वजन ४० किलोच्या पुढे जाते. पाण्यात हा भार जाणवत नाही, हे मान्य. पण हलत्या बोटीच्या शिडीवर पहिल्या पायरीला पाय लावून शरीर पाण्याबाहेर उचलताना तो सगळा गुडघ्यांवर आणि कमरेवर येतो. तंदुरुस्त माणसेही तिथे धापा टाकताना मी पाहिली आहेत, आणि खोल डायव्हनंतर लगेच अशी ओढाताण होणे डीकंप्रेशनच्या, म्हणजे दाब कमी होताना शरीरात मुरलेला वायू बाहेर पडण्याच्या, दृष्टीनेही वाईटच.

आता एवढी हवा खरोखर लागते का, ते पाहू. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणारा डायव्हर ३० मीटरवर, म्हणजे ४ बार दाबाखाली, मिनिटाला ८० लिटर वापरतो. साध्या हवेवर त्या खोलीला डीकंप्रेशनचे थांबे न घेता राहण्याची मुदत प्रचलित तक्त्यांत सुमारे २० मिनिटे आहे; म्हणजे तळाशी १६०० लिटर खर्च झाले. बडीला (सोबतच्या डायव्हरला) हवा देत दोघांनी वर येण्याइतका साठा राखून ठेवला, तरी ७-७ लिटरच्या जोडीतले तीन हजारांहून थोडे अधिक लिटर पुरतात, आणि साडेआठ लिटरची जोडी असेल तर हात सढळ राहतो. १२-१२ च्या जोडीत पाच हजारांहून अधिक लिटर मावतात. एका सिलिंडरवर दाबाचा काटा खाली आला की माणूस आपोआप वर निघत असे. मोठ्या जोडीवर हवा शिल्लक असतानाच मुदत संपते, आणि ज्याने थांब्यांचे प्रशिक्षण घेतलेले नाही तो नकळत त्यांच्या हद्दीत शिरतो. म्हणून मनोरंजनासाठी डायव्ह करणाऱ्याला मी आधी लहान जोडीच सुचवतो. ज्याला केवळ श्वासाची दुसरी स्वतंत्र सोय हवी आहे, त्याचे काम तर तीन लिटरच्या पोनी, म्हणजे लहान जादा, सिलिंडरवरही भागते.

आयसोलेटर बंद राहणे

माझ्यासोबतच्या एका डायव्हरने नवी जोडी भरून आणली आणि आदल्या संध्याकाळी एक व्हिडिओ पाहून घरीच व्हॉल्व्ह बंद-चालू करण्याचा सराव केला. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह त्याने पुन्हा उघडले, मधला आयसोलेटर (दोन्ही सिलिंडर एकमेकांपासून तोडणारा व्हॉल्व्ह) मात्र बंदच राहिला. पाण्यात उतरताना त्याचा गेज (दाबमापक) २१० बार दाखवत होता. २८ मीटरवर आठव्या मिनिटाला मी दाब विचारला, तेव्हा उत्तर २१० आले. मला वाटले, त्याला प्रश्न नीट कळला नसावा. विसाव्या मिनिटाला पुन्हा विचारले, तरीही २१०. त्या वेळी मी त्याचा गेज हातात घेऊन पाहिला आणि पोटात गोळा आला. गेज डाव्या बाजूला होता, श्वास आणि विंगची हवा उजव्या बाजूने जात होती. म्हणजे वापरात नसलेल्या सिलिंडरचा दाब आम्ही दोघे इतका वेळ वाचत होतो. मी त्याला हाताने थांबवले, मागे जाऊन आयसोलेटर हळूहळू उघडला. मॅनिफोल्डमधून हवा धावल्याचा सूं सूं आवाज स्पष्ट ऐकू आला आणि माझ्या हातातला काटा २१० वरून सरकत १२५ वर येऊन थांबला. याचा हिशेब सरळ आहे: उजव्या सिलिंडरमध्ये जेमतेम ४० बार उरले होते. आणखी चार-पाच मिनिटांत त्याला श्वास जड लागला असता, गेज मात्र सिलिंडर भरलेले असल्याचे सांगत राहिला असता, आणि त्या गोंधळात दुसरा रेग्युलेटर तोंडात घेण्याचे सुचेलच याची खात्री कोणी द्यावी?

तेव्हापासून पाण्यात उतरण्यापूर्वी मी उजवा व्हॉल्व्ह, आयसोलेटर आणि डावा व्हॉल्व्ह याच क्रमाने स्वतः हात लावून तपासतो, आणि बडीचेही तिन्ही तपासतो. तो कितीही अनुभवी असला तरी. आणखी एक सवय म्हणजे पाच मिनिटांत काटा अजिबात हलला नाही, तर मी आनंद न मानता हात मागे नेतो. नायट्रॉक्स (साध्या हवेपेक्षा ऑक्सिजन जास्त असलेले मिश्रण) वापरणाऱ्यांनी एवढे अधिक लक्षात ठेवावे, की भरताना आयसोलेटर बंद असेल तर दोन सिलिंडरांत दोन वेगळी मिश्रणे तयार होऊ शकतात. म्हणून ऑक्सिजनचे प्रमाण दोन्ही बाजूंना मोजावे.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाव फेरा मागे फिरवण्याची जुनी सवय सोडून द्यावी. पाव फेऱ्याची दिशा चुकली, की जवळजवळ बंद असलेला व्हॉल्व्ह पृष्ठभागावर ठीक वाटतो आणि खोलीवर हवा देत नाही.

हात व्हॉल्व्हपर्यंत न पोहोचणे

ज्या व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही, तो असून नसल्यासारखा आहे. तरीही पैसे देण्यापूर्वी संच पाठीवर चढवून, जाड सूट घालून, तिन्ही व्हॉल्व्हच्या मुठी फिरवून पाहणारे फार थोडे भेटतात. पट्टे सिलिंडरवर थोडे खाली सरकवले, की सिलिंडर पाठीवर वर चढतात आणि हात पोहोचतो. मात्र डोके मॅनिफोल्डवर आपटणार नाही इतपतच. डावी मूठ गुहेच्या छताला किंवा दोराला घासली तर पुढे जाताना बंद होण्याच्या दिशेने फिरते, हे माहीत असावे. हा सगळा सराव पाच-सहा मीटर खोलीवर, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली, अनेक दिवस करावा लागतो. एका दुपारी सगळे उरकण्याची घाई करणाऱ्यांना मी खोल पाण्यात सोबत नेत नाही.

पोलादी जोडी आणि पातळ विचार

मोठ्या जोडीतल्या हवेचेच वजन साडेसहा किलोच्या आसपास असते. जाड वेटसूट (आत पाणी शिरणारा रबरी सूट) खोलीवर दबून आपला तरंगण्याचा जोर गमावतो, आणि सुरुवातीलाच विंग फाटली तर जड पोलादी जोडी घेऊन पोहत वर येणे अवघड होते. वेटसूट घालणाऱ्याने ॲल्युमिनियमच्या किंवा लहान जोडीचा विचार करावा. पोलादी जोडी ड्रायसूटसोबत (आत पाणी न शिरणाऱ्या सूटसोबत) अधिक शोभते. शिशाची वजने ठरवताना सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना सेफ्टी स्टॉपच्या (वर येताना घ्यायच्या शेवटच्या थांब्याच्या) खोलीवर स्थिर राहता येते का, ते पाहावे. भरलेल्या सिलिंडरांवर केलेली चाचणी फसवते.

३०० बारच्या सिलिंडरांचे आकडे पाहून भुलू नये. त्या दाबाला हवा हिशेबाइतकी दबत नाही, म्हणून धारणेच्या प्रत्येक लिटरमागे ३०० ऐवजी सुमारे २७० लिटरच मिळतात, सिलिंडर जाड आणि जड असतो, आणि भरणाऱ्याचा कॉम्प्रेसर २३२ वर थांबत असेल तर तेवढेही मिळत नाहीत.

जुनी जोडी घेताना दोन्ही सिलिंडरांची धारणा, कार्यदाब आणि व्यास सारखे असावेत, आणि चाचणीच्या तारखा जवळच्या असाव्यात. १२ लिटरचे सिलिंडर १७१ आणि २०३ मिलिमीटर अशा दोन्ही व्यासांत मिळतात, त्यामुळे पट्टे आणि मॅनिफोल्ड त्या-त्या व्यासाचेच लागतात. ६३५१ या मिश्रधातूचे जुने ॲल्युमिनियम सिलिंडर मी स्वस्तातही घेत नाही, कारण त्यांच्या मानेत तडे जाण्याचा इतिहास आहे. पोलादी सिलिंडरची जाळी आणि खालचे रबरी बूट काढायला लावावेत; गंज बहुधा त्या बुटाच्या आत साचलेल्या खाऱ्या पाण्यातच सापडतो, आणि बूट काढू न देणाऱ्याकडून मी खरेदी करत नाही.