कुंपण घालायच्या आधी पाणमांजराचा येण्याजाण्याचा मार्ग बघून ठेवा

नदीकाठी पूल, रस्ता किंवा पाईपलाईनचं काम निघणार असेल तर पाणमांजर साईटवर येऊ नये म्हणून लावायच्या जाळीची ऑर्डर देण्याआधी काठाने चालून या, दोन्ही बाजूंनी. दगडावर, झाडाच्या मुळाशी, पुलाखाली माशाच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसते का, चिखलात पाच बोटांचे ठसे आहेत का, आणि बीळ सापडलं तर आत डोकावू नका, काठीही घालू नका, लांबून ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावा. कायद्याने संरक्षित प्राणी आहे, त्यामुळे वन्यजीव तज्ज्ञ आणि परवानगी हे दोन्ही मशीन यायच्या आधीच लागतं. अंतराचा अंदाज हवा असेल तर स्कॉटलंडमधल्या मार्गदर्शनात साध्या बिळापासून ३० मीटर आणि पिल्लं असलेल्या बिळापासून २०० मीटर लांब राहायला सांगतात. पिल्लं असतील तर काम थांबवायचंच, कुंपणाने तो प्रश्न सुटत नाही.

आता जाळी. वेल्डेड तारेचीच घ्या, प्लॅस्टिकची नको, त्यात प्राणी अडकतो. भोक ५ सेंटिमीटरपेक्षा मोठं नको, उंची साधारण दीड मीटर, आणि खाली निदान ३० सेंटिमीटर पुरून टोक प्राण्याच्या बाजूला दुमडायचं, कारण तो जाळीच्या पायथ्याशीच उकरतो आणि दुमडलेला भाग तिथेच आडवा येतो. वरची कडही त्याच बाजूला वाकवा, तो चढतो. खांब कामाच्या बाजूला आणि जाळी प्राण्याच्या बाजूला, म्हणजे त्याने ढकललं तर जाळी खांबावर दाबली जाते, सुटून येत नाही. गेटखालची फट बहुतेक जण विसरतात आणि घोळ नेमका तिथेच होतो.

पण नुसतं अडवून चालत नाही हो, त्याला नदीने पुढे जायचंच असतं. पूर आला की रस्त्याखालच्या मोरीतून पोहून जायचं तो टाळतो आणि रस्त्यावर चढतो, गाडीखाली येतो तो असाच. म्हणून मोरीत पुराच्या पाण्याच्या वर कोरडी पायवाट ठेवायची आणि कुंपण तिच्या तोंडापर्यंत आणून टेकवायचं. कुंपण मधेच संपवलं तर तो टोकाला वळसा घालून सरळ साईटवर येतो. तरीही एखादा आत आलाच तर त्याला बाहेर पडता यावं म्हणून आतल्या बाजूने जाळीच्या उंचीपर्यंत मातीचा उतार करून ठेवा.

रोजचं काम म्हणजे संध्याकाळी खड्डे झाका, नाहीतर आत फळी तिरकी टाका, पाईपांची तोंडं बंद करा, सूर्य मावळायच्या तासभर आधी मशीन बंद, फ्लडलाईट पाण्यावर पडायला नको. सुपरवायझरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना फोटो दाखवून सांगा की दिसलं तर थांबायचं, हाकलायचं नाही, तज्ज्ञाला फोन करायचा. आणि सकाळी पहिलं इंजिन सुरू व्हायच्या आधी कोणीतरी एकाने पूर्ण कुंपणाला फेरी मारायची, पूर येऊन गेला असेल तर दोनदा, कारण वाहून आलेल्या ओंडक्याने जाळी कुठे उचलली गेली ते लांबून दिसत नाही.