तुकडे अनेक, पण जीव एकातही नाही? सिरॅमिकमधल्या या चुका टाळा

भिंतीवरच्या मांडणीसाठी पन्नास-साठ तुकडे हवे असतात. मग प्लास्टरचा एकच साचा करून सगळे काढले जातात आणि 'फारच सारखे झाले' म्हणून शेवटी काहींवर ओरखडे मारले जातात. ही सर्वांत मोठी चूक. ते ओरखडे उपरे दिसतात, कारण फरक घडवतानाच यावा लागतो. एकच गोष्ट बदलत न्या, कडेवरचा दाब म्हणा किंवा मातीची जाडी, आणि बाकी सगळं तसंच राहू द्या.

चिनी कलाकार आय वेवे यांनी २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात पोर्सिलेनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) सुमारे १० कोटी सूर्यफूल-बिया पसरल्या होत्या. चीनमधल्या जिंगदेझेन शहरातल्या कारागिरांनी त्या हातानं रंगवल्या. लांबून नुसता राखाडी थर, जवळून प्रत्येक बी निराळी. त्यासाठी चीनपर्यंत जायलाच हवं असं नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात चाकावर उतरवलेल्या पणत्या शेजारी शेजारी ठेवून बघा. हात तोच, तरी प्रत्येकीची चोच वेगळी, आणि कुणी ती मुद्दाम वेगळी केलेली नसते.

पोताचं, म्हणजे गोणपाटासारखं काही दाबून मातीवर उठवलेल्या खडबडीतपणाचं, बरंचसं गणित वेळेवर असतं. फार ओल्या मातीला गोणपाट चिकटतं, फार सुकलेली दाबली की कडेला तडकते. बोट दाबल्यावर ठसा उठावा, पण माती बोटाला लागू नये, तेव्हा ठसा घ्या. मुंबईत जुलैमध्ये ही वेळ यायला खूप उशीर लागतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती हां हां म्हणता निघून जाते. घड्याळ बघून काम करू नका. सुकवण्याची घाई म्हणून थेट पंख्याखालीही ठेवू नका, सपाट तुकडे हमखास वाकतात.

८ मिलिमीटरच्या फरशीत ५ मिलिमीटर खोल चर काढली, तर भेग तिथेच पडणार.

एवढं जपलेला पोत जाड, अपारदर्शक ग्लेझखाली (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाखाली) गाडला जातो तेव्हा फार वाईट वाटतं. सेलेडॉनसारखं हिरवट, पारदर्शक ग्लेझ खाचांत साचून गडद होतं, उंचवट्यांवर पातळ राहतं. किंवा आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून लावा आणि ओल्या स्पंजनं पुसा. बिस्कनंतर, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीनंतर, खाचांतली धूळ मात्र धुवा आणि तुकडा पूर्ण वाळू द्या, नाहीतर तिथलं ग्लेझ मागे सरकतं.

पहिल्या भाजणीआधी तुकडा गालाला लावून बघा. गार लागला तर आत अजून पाणी आहे आणि घाईनं १०० अंशांपुढे नेलात तर वाफेनं फुटेल. स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट) माती ओली असल्यापासून भाजून निघेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आकसते, तेव्हा भिंतीचा आराखडा भाजलेल्या मापानंच काढा.