डांबर सुटलं की आधी हवा सोडा
ठाण्याहून मुरबाडमार्गे माळशेजच्या बाजूला कच्च्या वाटांवर गाड्या नेणाऱ्या ऑफ-रोड क्लबसोबत सहकुटुंब मुक्कामी निघालात, तर डांबर सुटलं की आधी टायरची हवा कमी करा. रस्त्यावर ती साधारण ३२-३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते. चिखलमातीत ती २० च्या आसपास आणली की टायर पसरतो, पकड वाढते आणि मागे बसलेल्या आजीची कंबरही शाबूत राहते. व्हॉल्व्हची टोपणं डबीत ठेवा. आमची दोन गवतात गेली ती गेलीच.

परतताना हवा भरल्याशिवाय हायवेला लागू नका. कमी हवेचा टायर वेगात तापतो, फुटूही शकतो. गाडीच्या बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा हवेचा पंप स्वतःचाच असू द्या, आणि तो चालताना इंजिन सुरू ठेवा. एका पंपापुढे गाड्यांची रांग नि पोरांचं ‘भूक लागली’ हे आम्ही भोगलंय.