न बघता टोकन दिलेल्या जुन्या गाडीचे पैसे परत कसे मिळवायचे

दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं आल्यापासून तिथल्या कितीतरी गाड्या स्वस्तात महाराष्ट्रात येतात. पुण्या-नाशिकचा गिऱ्हाईक व्हिडिओ बघून वीस हजारांचं टोकन टाकतो आणि ओळखीच्या मेकॅनिकने प्रत्यक्ष गाडी बघितली की वेगळंच काही निघतं. मग डीलर ठरलेलं उत्तर देतो, "टोकन परत होत नाही." कायदा तसं सरसकट म्हणत नाही. पण पैसे सुटणार की अडकणार, हे बरंचसं तुम्ही नकार कोणत्या शब्दांत कळवता यावर ठरतं. "नको आता, विचार बदलला" असं लिहिलंत तर करार तुम्ही मोडला, असं होतं. "तुम्ही सांगितली ती ही गाडी नाही" असं पुराव्यासह लिहिलंत, तर करार बिघडवला त्याने.

आधी एक गोष्ट तपासा: गाडी खरोखर आहे का? विक्रेता स्वतःला बदली झालेला फौजी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, टोकननंतर लगेच ट्रान्सपोर्टचे पैसे आणि मग "परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं चाललं असेल, तर ती सरळ फसवणूक आहे. पैसे मिळायला स्कॅन किंवा पिन कधीच लागत नाही. अशा वेळी नोटीस-बिटीस लिहीत बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका आणि बँकेलाही कळवा. समोरच्याच्या खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत ती गोठवली गेली तरच हाती लागते, म्हणून इथे तास-दोन तासांनीही फरक पडतो.

गाडी खरी आणि डीलरही खरा असेल, तर त्याला नकार कळवण्याआधी पुरावा गोळा करा. भांडण सुरू झालं की जाहिरात पहिली गायब होते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, किंमत, किलोमीटर आणि डीलरचं नाव दिसलं पाहिजे. व्हॉट्सॲपचा पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा. व्हिडिओ डाउनलोड करा. पैसे भरल्याचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेवा. पुढे ग्राहक आयोगात हे स्क्रीनशॉट द्यायचे झाले, तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. म्हणून मूळ चॅट असलेला फोन विकू नका, रीसेट करू नका.

कोणता दोष धरायचा

इथे बरेच जण घसरतात. भारतीय करार कायद्याच्या कलम १९ नुसार खोट्या माहितीवर केलेला करार तुम्ही रद्द करू शकता. पण त्यात एक अपवाद आहे: साधारण काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं, अशी गोष्ट असेल तर समोरचा तुमच्यावर उलटू शकतो. मालक कितवा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का, हे परिवहनच्या साइटवर गाडीच्या नंबरवरून दिसतं. "तुम्ही बघितलं का नाही?" असं तो विचारणारच. त्याने जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर हा अपवाद त्याच्या कामी येत नाही, पण ते सिद्ध करायचं तुम्हाला असतं. म्हणून मुख्य कारण असं धरा जे घरबसल्या कळणं शक्यच नव्हतं.

मेकॅनिकला या जागा दाखवून फोटो काढायला सांगा. बोनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, कारण पाना लागला की रंग तुटतोच. दाराचं रबर खाली ओढून दाराच्या चौकटीच्या खांबावरचे स्पॉट वेल्डचे गोल ठसे एकसारखे आहेत का. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पुरात बुडालेल्या गाडीचा पट्टा आतल्या टोकाला मातकट असतो, आणि सीटचे रूळ, स्टेपनीचा खड्डा गंजलेला असतो. चेसिस नंबरचं पंचिंग आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. मीटर मागे घेतलंय का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदींवरून कळतं. तिथे प्रत्येक सर्व्हिसला तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात. जाहिरातीत ६२,००० आणि तीन वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डवर ९१,०००, याहून भक्कम पुरावा नाही.

मेकॅनिककडून सही, तारीख आणि गाडीचा नंबर असलेला एक पानी अहवाल घ्या. या काळात उरलेली रक्कम भरू नका, डिलिव्हरी घेऊ नका, गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करू नका.

पहिला संदेश

फोनवर वाद न घालता व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर हे पाठवा (दिल्लीच्या डीलरला हिंदीत):

"जाहिरातीत आणि अमुक तारखेच्या संदेशात तुम्ही ही गाडी ६२,००० किमी चाललेली, अपघात न झालेली असल्याचं लिहिलं होतं. सर्व्हिसच्या नोंदीत तीन वर्षांपूर्वीच ९१,००० किमी आहेत. डावा पुढचा खांब पुन्हा वेल्ड केलेला आहे. फोटो आणि अहवाल जोडले आहेत. तुमच्या वर्णनावर विसंबून मी २०,००० रुपये टोकन दिलं होतं. मी हा व्यवहार रद्द करत आहे. रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात ७ दिवसांत परत करावी."

यात शिवी नको, धमकी नको, इंजिनाच्या आवाजासारख्या वादाच्या तक्रारीही नकोत. व्यवहार ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून झाला असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला हेच पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

पावतीवर "टोकन परत मिळणार नाही" छापलेलं असलं तरी दावा संपत नाही. गाडीच वर्णनाप्रमाणे नसेल तर ती अट गैरलागू ठरते. गाडी चोख असून तुम्ही माघार घेतली असेल, तर बाजू खरोखर कमकुवत आहे. तरी करार कायद्याचं कलम ७४ फक्त वाजवी भरपाई देतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात नुकसान झालेलंच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही असं म्हटलं आहे. गाडी दोन दिवसांत दुसऱ्याला त्याच भावात विकली गेली असेल, तर तिची नवी जाहिरात किंवा "सोल्ड"ची पोस्ट जपून ठेवा. कर्ज मंजूर न झाल्यास टोकन परत, असं ठरलं असेल तर ते चॅटमध्ये शोधा. तोंडी ठरलेल्याचा उपयोग कमी.

सात दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे, आणि बऱ्याच डीलरांना तेवढंच पुरतं. सोबत १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा ठेवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे डीलर दिल्लीचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, पण प्रत्यक्षात जास्त लागतात, म्हणून व्याज आणि खर्च आधीच मागून ठेवा.

विक्रेता डीलर नसून स्वतःची गाडी विकणारा माणूस असेल, तर आयोगाचा रस्ता सहसा चालत नाही. तिथे नोटीस आणि दिवाणी दावा. वीस हजारांसाठी दावा परवडत नाही, म्हणून प्रवासाचा वगैरे त्याचा खरा खर्च वजा करून तडजोड करणं शहाणपणाचं.

वेळ मारून नेण्यासाठी डीलर पुढच्या तारखेचा चेक देतो. घ्यायला हरकत नाही, पण त्यासोबत ही रक्कम टोकनच्या परताव्याची आहे असं लिहून घ्या. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायलाच हवी, तरच चेक न वटल्याबद्दलच्या गुन्ह्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं) कलम १३८ लागू होतं. "सर्व हिशेब पूर्ण झाला" या कागदावर सही रक्कम खात्यात दिसल्यावरच करा. आणि टोकन देताना दिलेल्या आधार-पॅनच्या प्रती किंवा सही केलेले फॉर्म त्याच वेळी परत मागून घ्या.