निरोपाचे विमानतळ आधी ठरवा
ऑस्ट्रेलियातील भटकंती संपल्यावर दोघांपैकी एकाला भारतात परतायचे असेल आणि दुसऱ्याला नोकरीसाठी पर्थला जायचे असेल, तर सहलीची आखणी शेवटच्या मुक्कामापासून मागे करीत जावी. सिडनीत आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत टर्मिनल धावपट्टीच्या दोन बाजूंना असून मध्ये गाडी किंवा बस पकडावी लागते. बॅगा ओढत, घड्याळाकडे पाहत घेतलेला निरोप अर्धवटच राहतो. मेलबर्नच्या मुख्य विमानतळावर मात्र सर्व टर्मिनल एकमेकांना लागून आहेत आणि चालत जाता येते. म्हणून सुरुवात ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्न्स शहराजवळील समुद्री प्रवाळांपासून करावी, मग सिडनी पाहावे आणि शेवटचे तीन-चार दिवस मेलबर्न व तिथून जवळच्या ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्यासाठी राखावेत. भाड्याची मोटार घेतलीच, तर ती घेतली त्याच शहरात परत करावी, कारण दुसऱ्या शहरात सोडल्यास बहुधा वेगळे शुल्क पडते. पर्थचे विमान आधीचे निवडावे: देशांतर्गत टर्मिनलवर सोडायला आलेल्यालाही सामान्यतः सुरक्षा तपासणी करून थेट गेटपर्यंत जाता येते, आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर ही सोय नाही. सामानाची वाटणी आदल्या रात्री हॉटेलातच उरकावी. एकाच चार्जरवर दोघांचा डोळा असतो.